घरून सेंटेड मेणबत्त्यांचा व्यवसाय सुरू करायचाय, दिवाळीपर्यंत जमेल का?

भांडुपची_रेश्मा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस विचारीन विचारीन म्हणत होते, आज लिहितेच. मी भांडुपला राहते, वन बीएचके, घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि चार वर्षांचा मुलगा. मुलगा झाल्यावर नोकरी सोडली, आता तो शाळेत जायला लागलाय तर सकाळचे तीन-साडेतीन तास माझ्या हातात असतात. मावसबहिणीच्या डोहाळजेवणाला रिटर्न गिफ्ट म्हणून मी छोट्या काचेच्या वाट्यांमध्ये मोगऱ्याच्या वासाच्या मेणबत्त्या करून दिल्या होत्या, सगळ्यांना खूप आवडल्या आणि आता त्यातल्याच दोघी-तिघींनी दिवाळीला गिफ्ट द्यायला हव्यात म्हणून विचारलंय. मला हे नुसतं हौस म्हणून नाही तर नीट व्यवसाय म्हणून करायचंय, स्वतःचे चार पैसे हातात यावेत असं मनापासून वाटतं.

अडचणी सांगते. एक म्हणजे मेणबत्ती पेटवली की मधोमध खड्डा पडत जातो आणि कडेचं मेण तसंच राहतं, शेवटी ज्योत त्या खड्ड्यात बुडून विझते. दुसरं म्हणजे झाकण उघडल्यावर वास मस्त येतो पण पेटवल्यावर काहीच येत नाही. मेण मी ऑनलाइन सोया वॅक्स म्हणून मागवलं होतं, वास अगरबत्तीला वापरतात तो घातला. तिसरं, किंमत किती लावायची ते कळत नाही, एकीने सरळ म्हटलं की दुकानात याहून स्वस्त मिळते. शिवाय लायसन्स वगैरे काही लागतं का? आणि मुंबईत सामान होलसेलमध्ये कुठे मिळेल? सुरुवातीला पंधरा हजारांच्या आसपास घालू शकते, त्यापेक्षा जास्त नाही. सासूबाईंना गॅसवर मेण वितळवायची भीती वाटते आणि खरं सांगायचं तर मलाही वाटते. कोणी करत असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

अनुजा_गोरेगाव

रेश्मा, अगं नक्की कर, पण घाईने करू नकोस. मी गेली काही वर्षं घरूनच करतेय आणि माझं ठाम मत आहे की पहिल्या सीझनला एकच जार, एकच मेण, एकच वात आणि फार तर दोन वास, एवढ्यावरच थांबायचं. बाकी सगळं इन्स्टावर बघून मोह होतो, वाळलेली फुलं वरून लावा, दालचिनीचे तुकडे लावा, आइस्क्रीमच्या आकाराच्या करा, ते सगळं बाजूला ठेव. वाळकी फुलं तर मेणबत्तीत घालूच नकोस, पेट घेतात.

आता खड्ड्याचं. हा बहुतेक वेळा वातीचाच प्रश्न असतो. वात जारच्या तोंडाच्या मापाने घ्यावी लागते, म्हणजे आतला व्यास मोजायचा आणि त्या व्यासासाठी पुरवठादार जी वात सांगेल ती, तिच्यापेक्षा एक नंबर बारीक आणि एक नंबर जाड अशा तिन्ही मागवायच्या. तिन्ही वाती लावून एकसारखे जार करायचे आणि शेजारी शेजारी जाळून बघायचे. वात बारीक असली तर तू म्हणतेस तसा खड्डा पडतो, जाड असली तर ज्योत मोठी होते, काजळी येते, वातीच्या टोकाला काळी गाठ धरते आणि जार हात लावता येणार नाही इतका तापतो. बरोबर वात म्हणजे साधारण सात सेंटीमीटरच्या जारमध्ये तीनेक तासांत वितळलेलं मेण कडेपर्यंत पोचलं पाहिजे. मग विझवायची, पूर्ण गार होऊ द्यायची, वात अर्ध्या सेंटीमीटरएवढी कापायची आणि परत पेटवायची, असं तळाशी बोटभर मेण उरेपर्यंत. नुसतं पहिल्यांदा पेटवून छान जळली म्हणजे झालं असं नाही, अर्धी संपल्यावर जार खोल होतो आणि तिथेच खरी गडबड होते. ही टेस्ट न करता विकायची नाही, कितीही ओळखीचं गिऱ्हाईक असलं तरी.

अजून एक गोष्ट जी परदेशी व्हिडिओंमध्ये कोणी सांगत नाही. आपल्याकडे मुंबईत बारा महिने डोक्यावर पंखा. पंख्याखाली ज्योत एका बाजूला कलते, त्या बाजूचं मेण वितळतं, दुसऱ्या बाजूचं राहतं, काच एकाच बाजूने काळी होते. गिऱ्हाईक म्हणतं तुमची मेणबत्ती खराब. म्हणून टेस्ट करताना एक जार वारा नसलेल्या कोपऱ्यात आणि एक पंखा चालू असलेल्या खोलीत असं दोन्ही बघ आणि लेबलवर स्पष्ट लिही की पंखा किंवा एसीच्या झोतात ठेवू नये. ओतल्यावर जार गार होतानाही पंखा बंद ठेव, नाहीतर वर खळगे पडतात आणि मेण काचेपासून सुटून ओले डाग दिसतात. सोयावर पांढरी बुरशीसारखी नक्षी आली तर घाबरू नकोस, ती बुरशी नसते, सोयाचा स्वभावच आहे तो, रंग घातला नाहीस तर कळतही नाही.

वासाबद्दल. अगरबत्तीचा वास मेणाला चालेलच असं नाही, त्यात बऱ्याचदा डीईपी नावाचं पातळ करायचं द्रव्य मिसळलेलं असतं आणि ते वातीत चढून नीट जळत नाही. अत्तर किंवा अंगाला लावायचा परफ्यूम तर अजिबात नको, स्प्रेच्या परफ्यूममध्ये अल्कोहोल असतं. मेणबत्तीसाठीचं म्हणून मिळतं तेच फ्रॅग्रन्स ऑइल घे आणि दुकानदाराकडे त्याचा इफ्राचा कागद (तो वास कुठे, किती प्रमाणात वापरणं सुरक्षित ते सांगणारा) माग, चांगला पुरवठादार लगेच देतो. सोयामध्ये सहा ते दहा टक्के वास बसतो, मी आठ धरते, म्हणजे किलोभर मेणाला ८० ग्रॅम. चमच्याने किंवा मिलीने मोजू नकोस, वजनानेच मोज, स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा पुरतो. जास्त घातला की जास्त वास येतो हा गैरसमज आहे, मेणाने पकडलं नाही ते तेल वर घामासारखं येतं. मेण ७५ ते ८० डिग्रीपर्यंत तापवायचं, आच काढून वास घालायचा, दोन मिनिटं हळू ढवळायचं, ६० च्या आसपास आलं की ओतायचं. प्रत्येक मेणाचं तापमान थोडं वेगळं असतं, पाकिटाबरोबर जे लिहून येतं ते आधी बघ.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आज केली आणि उद्या पेटवली तर सोयात वास येणारच नाही. लोणचं मुरावं लागतं तसंच आहे हे, झाकण लावून आठवडा ते दोन आठवडे ठेवावी लागते. म्हणजे दिवाळीचा माल दिवाळीच्या किमान तीन आठवडे आधी ओतून तयार पाहिजे आणि टेस्टिंग त्याच्याही आधी संपलं पाहिजे. आत्ता पावसाळा चालू आहे, हेच टेस्टिंगचे दिवस. फक्त वाती आणि लेबलं हवाबंद डब्यात ठेव, दमट हवेने वात ओलसर झाली तर तडतडते आणि लेबलाच्या कडा उचलतात.

बंदरवाला

सामानाबद्दल मी सांगतो, आमचं दुकानच त्या भागात आहे (मेणाचं नाही, पॅकिंगचं). मस्जिद स्टेशनला उतरलात तर काचेच्या बरण्या, टिनचे डबे, झाकणं सगळं चालत फिरून मिळतं, अब्दुल रहमान स्ट्रीटला खोके, रिबिनी, गिफ्ट पॅकिंग आणि क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासही भरपूर आहे. केमिकल आणि सुगंधी तेलांसाठी प्रिन्सेस स्ट्रीट, आता शामलदास गांधी मार्ग म्हणतात. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, शनिवारी गर्दीत जीव जातो, मधल्या वारी सकाळी अकराच्या सुमाराला या. पहिल्या वेळेला विकत घेऊ नका, नुसते चार ठिकाणी भाव विचारा आणि सॅम्पल घ्या. पन्नास ग्रॅमची बाटली देतात बरेच जण.

बरणी घेताना काही गोष्टी बघा ताई. काच जाड आणि सगळीकडे सारखी पाहिजे, तळाला बुडबुडा किंवा चीर नको. शोभेच्या पातळ ग्लासमध्ये आणि तुमच्या त्या वाट्यांमध्ये शेवटी शेवटी ज्योत तळाजवळ आली की काच तडकू शकते. तोंड निमुळतं नको, उष्णता आत कोंडते. हल्ली करवंटीत, बांबूत पण भरतात, दिसतं छान पण ते स्वतःच जळणाऱ्या वस्तू आहेत, नवीन माणसाने त्यात पडू नये. टिनचा डबा सुरुवातीला उत्तम, फुटत नाही, हलका असतो, कुरियरला स्वस्त पडतो, फक्त तळ तापतो म्हणून खाली काहीतरी ठेवून पेटवा असं लेबलवर टाका. आणि हो, एकदा बरणी पक्की केली की एकदम जास्तीच्या घेऊन ठेवा, कारण पुढच्या वेळी तोच माल मिळेल याची खात्री नसते आणि तोंडाचं माप दोन मिलीमीटरने बदललं तरी तुमची वात परत टेस्ट करावी लागणार.

मेणाचं म्हणाल तर पॅराफिन म्हणजे क्रूड तेलातून निघणारं मेण, आपल्याकडे आसामात नुमालीगढ, दिगबोईच्या रिफायनरीत होतं, तेलाचे भाव हलले की त्याचे हलतात. सोया म्हणजे सोयाबीनच्या तेलाला हायड्रोजन देऊन घट्ट केलेलं. दोन्ही चांगलं आहे, कामाप्रमाणे घ्यायचं. जारसाठी सोया किंवा सोया-पॅराफिनचं मिश्रण, साच्यातून काढायच्या उभ्या मेणबत्तीसाठी पॅराफिन, त्यात थोडं स्टिअरिक ॲसिड घालतात म्हणजे कडक होते आणि साच्यातून सुटते. 'सोया' लिहिलेल्या सगळ्या पाकिटात नुसतं सोयाच असतं असंही नाही, विचारून घ्या आणि तुम्ही गिऱ्हाइकाला जे लिहाल ते खरं लिहा.

स्पष्ट_बोलतो

कोणाला नाउमेद करायचं नाही पण जे दिसतं ते सांगतो. आज प्रत्येक सोसायटीत एक जण केक करतं, एक जण चॉकलेट आणि एक जण मेणबत्त्या. ऑनलाइन शंभर रुपयाला सेंटेड मेणबत्ती मिळते, मोठ्या दुकानात सेलमध्ये एका जारवर एक फुकट देतात. त्यांच्याशी भावात लढायला गेलात तर पंधरा हजार दिवाळीतच संपतील. मैत्रिणी पहिल्यांदा कौतुकाने घेतात, दुसऱ्यांदा घेतील का हा खरा प्रश्न. आधी त्या दोघी-तिघींकडून निम्मे पैसे आगाऊ घ्या आणि मगच माल करा, बघा किती जणी टिकतात ते.

अनुजा_गोरेगाव

आगाऊ पैशांचं अगदी बरोबर बोललात दादा, ऑर्डर म्हणजे पैसे हातात आल्यावर, त्याआधी नुसत्या गप्पा. पण भावात लढायचंच नाहीये ना. शंभर रुपयाची मेणबत्ती घेणारं गिऱ्हाईक आपलं नाहीच. आपलं गिऱ्हाईक म्हणजे ज्याला डोहाळजेवण, बारसं, मुंज, लग्नाचं केळवण, ऑफिसातल्या पंचवीस माणसांना दिवाळीची भेट, नावाचं लेबल लावून, हव्या त्या रंगाच्या रिबिनीत पाहिजे असते आणि ते मोठ्या दुकानात मिळत नाही. तिथे माणूस पन्नास रुपयांसाठी घासाघीस करत नाही, वेळेवर आणि सगळे जार एकसारखे मिळाले पाहिजेत एवढंच बघतो. शिवाय वास आपल्या ओळखीचे ठेवायचे, सोनचाफा, मोगरा, केवडा, वेलची, चंदन. परदेशी नावाचे वास मोठ्या दुकानांत ढिगाने आहेत, चांगला सोनचाफा शोधून दाखवा कोणी.

रेश्मा, हिशेब असा मांड. उदाहरणाला भाव धरते, तू तुझे खरे टाक. ज्या जारमध्ये काठाच्या खाली २०० मिली पाणी मावतं त्यात साधारण १७० ग्रॅम माल बसतो. त्यात मेण १५७ ग्रॅम आणि वास १३ ग्रॅम. मेण ४०० रुपये किलो धरलं तर ६३ रुपये, वास २५०० रुपये किलो धरला तर ३२ किंवा ३३, झाकणासकट जार ५०, वात, तिला तळाशी उभी धरणारी चकती आणि चिकटवायचा स्टिकर मिळून ५, लेबल, खोका, बबल रॅप ३०, वीज आणि वाया जाणारं १०. झाले १९०. आता तुझी मजुरी. तासाला शंभर रुपये धरलेस आणि वितळवणं, ओतणं, पुसणं, लेबल, पॅकिंग सगळं धरून तासाला चार जार तयार झाले तर जारमागे २५. म्हणजे २१५ ही खरी किंमत, यात नफा शून्य आहे. आता हाच जार तू ३५० एमआरपी लावून एखाद्या दुकानात ठेवलास आणि दुकानदाराने ४० टक्के घेतले तर तुझ्या हातात २१० येतात, म्हणजे पदरचे पाच रुपये गेले. ४५० लावलेस तर २७० येतात आणि ५५ उरतात. बायका मजुरी धरतच नाहीत, घरातच तर बसून करते म्हणतात, आणि मग वर्षभराने दमून सोडून देतात. तुझे सकाळचे तीन तास हे भांडवल आहे, त्याला किंमत लाव आणि ती सांगताना अजिबात संकोच करू नकोस.

पंधरा हजारात सगळं आरामात बसतं. त्यातला मोठा भाग टेस्टिंगवर जाईल, जाऊ दे, तो खर्च वाया जात नाही. पण उरलेलं सगळं एकदम मेणात अडकवू नकोस, तीनेक हजार बाजूला राहू दे, अचानक मोठी ऑर्डर आली तर जार आणायला हातात पैसे लागतात.

वसईकर_मार्था

मी वसईची, आमच्या घरात आईच्या वेळेपासून मेणबत्त्या होतात, पण चर्चच्या, साध्या पांढऱ्या आणि साच्यातल्या. तुम्ही सगळे दिवाळी दिवाळी करताय म्हणून लिहावंसं वाटलं की मुंबईत मेणबत्तीचा सीझन दिवाळीला संपत नाही. ८ सप्टेंबरनंतर येणाऱ्या रविवारपासून वांद्र्याला माउंट मेरीची जत्रा आठवडाभर असते, तिथे स्टॉलवर मेणाचे हात, पाय, घर, बाळ असं सगळं मिळतं, ज्याचा जो नवस तसं मेण वाहतात, आणि तिथे फक्त आमचेच नाही तर सगळ्या धर्मांची माणसं येतात. २ नोव्हेंबरला मृतांचा सण, त्या संध्याकाळी दफनभूमीत प्रत्येक थडग्यावर मेणबत्त्या. माहीमच्या चर्चला तर दर बुधवारी नोव्हेनाची प्रार्थना, तिथे बाहेर वर्षभर विक्री. हा सगळा मोठ्या संख्येचा आणि कमी भावाचा धंदा आहे, ठरलेली माणसं पिढ्यान्‌पिढ्या करतात, नवीन माणसाने एकदम त्यात शिरू नये असं मला वाटतं.

पण नाताळच्या आधीचं एक काम तुमच्यासारखीला जमण्यासारखं आहे. नाताळच्या आधीचे चार रविवार आगमनकाळ असतो, त्यात घरोघरी चार मेणबत्त्यांचं चक्र ठेवतात, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी, दर रविवारी एक एक वाढवत पेटवायची. चांगला नीट जुळलेला चारचा सेट सहज मिळत नाही, रंग कुठेतरी फिका, उंची कमीजास्त. दिवाळीनंतर लगेच हे करायला घेतलं तर डिसेंबर रिकामा जाणार नाही. फक्त रंग मेणाचाच घ्या, तेलात विरघळणारा. खायचा रंग पाण्याचा असतो, तो मेणात मिसळतच नाही, तळाशी ठिपके होऊन बसतो, आणि मुलांचे खडूचे रंग वितळवून घालतात लोक, त्याने वात तुंबते.

गॅसची भीती वाटते ते चांगलंच आहे, भीती असलेलीच बरी. मेण थेट आचेवर कधीच ठेवायचं नाही. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात दुसरं भांडं आणि त्यात मेण, म्हणजे पाणी शंभर डिग्रीच्या वर जातच नाही आणि मेणही त्याच्या वर जात नाही. पाणी आटू द्यायचं नाही. इंडक्शन असेल तर आणखी चांगलं, उघडी ज्योत नाही. मेण चुकून पेटलं तर त्यावर पाणी टाकायचं नाही, पाण्याची एकदम वाफ होते आणि पेटतं मेण खोलीभर उडतं. आच बंद करायची, घट्ट बसेल असं झाकण घालायचं आणि भांडं जागचं हलवायचं नाही. ते झाकण आधीपासून शेजारी काढून ठेवलेलं पाहिजे, तेव्हा शोधत बसायचं नाही. एक लहान पावडरचं अग्निशामक घरात ठेवा, आणि आग हाताबाहेर वाटली तर सगळ्यांना घेऊन बाहेर पडून १०१ लावा. मुलगा शाळेत असतानाच काम करा, तो घरात असताना मुळीच नाही. फोन आला, दार वाजलं तरी आधी आच बंद.

अजून एक, उरलेलं मेण किंवा भांड्याचं धुवण मोरीत, बेसिनमध्ये ओतू नका. पाइपमध्ये गार होऊन बसतं आणि खालच्या मजल्यापर्यंत तुंबतं. गरम असतानाच जुन्या वर्तमानपत्राने भांडी पुसून काढायची आणि तो कागद सुक्या कचऱ्यात.

हिशेबी_काका

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. सर्वात आधी उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करून घ्या, आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते, सरकारी साइटवर पूर्ण फुकट आहे. तशाच दिसणाऱ्या खाजगी साइट पैसे मागतात, तिथे भरू नका. नावावर वेगळं बँक खातं उघडा, घरखर्चाच्या खात्यात हे पैसे मिसळू नका, वर्षअखेर काय कमावलं ते कळायला हा एकच उपाय आहे. पुढे भांडवल लागलं तर मुद्रा या सरकारी कर्ज योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं, पण पहिला सीझन स्वतःच्या पैशावर करा असाच माझा सल्ला.

जीएसटी, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकत असाल तर वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. दुसऱ्या राज्यात माल पाठवायला लागलात की नियम बदलतो, तिथे साधारणपणे नोंदणी घ्यावी लागते, हाताने केलेल्या काही वस्तूंना सवलत आहे, ती तुमच्या मालाला कशी लागू करायची ते सीएकडून लिहून घ्या. ऑनलाइन बाजारांवर राज्याच्या आत विकायचं असेल तर १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नसलेल्यालाही परवानगी आहे, पॅन देऊन जीएसटी पोर्टलवर एक नंबर तेवढा घ्यावा लागतो. मेणबत्तीचा एचएसएन कोड, म्हणजे जीएसटीत वस्तू ओळखायचा नंबर, ३४०६.

लेबलकडे बहुतेक घरगुती व्यावसायिक लक्षच देत नाहीत. पॅकबंद वस्तू विकायची तर वैधमापन खात्याच्या २०११ च्या नियमांप्रमाणे पाकिटावर करणाऱ्याचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, निव्वळ वजन, तयार केल्याचा महिना आणि वर्ष, सर्व करांसह एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क हे छापावं लागतं, शिवाय पॅक करणारा म्हणून नोंदणीही असते. निव्वळ वजन म्हणजे जार सोडून फक्त मेणाचं. घरात कामाला एखाद-दुसरं माणूस ठेवलंत तर राज्याच्या २०१७ च्या दुकाने-आस्थापना कायद्यात फक्त ऑनलाइन कळवायचं असतं. सोसायटीला मात्र आधीच एक साधं पत्र द्या, काय करताय आणि काय काळजी घेताय ते लिहून. नंतर कोणीतरी तक्रार केल्यावर खुलासा देत बसण्यापेक्षा ते बरं.

शिकायचं असेल तर बोरिवलीला शिंपोलीत खादी आयोगाची सी. बी. कोरा ग्रामोद्योग संस्था आहे, तिथे छोटे छोटे कोर्स चालतात, मेणबत्तीची बॅच कधी आहे ते फोन करून विचारा. आणि कधी महाबळेश्वरला गेलात तर सनराइज कँडल्स जरूर बघा. भावेश भाटियांनी १९९४ मध्ये सुरू केलं, स्वतः दृष्टिहीन, मुंबईत अंधांच्या राष्ट्रीय संस्थेत मेणबत्त्या करायला शिकले आणि पुढे अनेक दृष्टिहीन माणसांना त्यांनी काम दिलं. मला त्या माणसाबद्दल फार आदर आहे.

भांडुपची_रेश्मा

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, खूप खूप आभार. सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं, मार्थाताईंचं झाकणाचं त्यांना इतकं पटलं की त्यांनी स्वतःच माळ्यावरून जुनं पितळी झाकण काढून दिलंय. काचेच्या वाट्या बंद. टिनचाच डबा घेणार, एकच माप, आणि सोनचाफा व मोगरा दोनच वास. त्या तिघींना निम्मे पैसे आगाऊ लागतील असा मेसेज केला, दोघींनी लगेच पाठवले, तिसरी बघते म्हणालीय. बुधवारी मुलाला शाळेत सोडून मस्जिदला जाणार आहे.

दोन शंका राहिल्यात. वेगवेगळ्या वातीची टेस्ट करताना प्रत्येक वेळी वास घालायचा की साध्या मेणावर करायची? वास महाग आहे म्हणून विचारते. आणि मे महिन्यात काय होतं, वितळतात का?

अनुजा_गोरेगाव

वास घालूनच करायची. वास घातल्यावर मेण वेगळं जळतं, साध्या मेणावर जी वात बरोबर येते तीच सोनचाफ्याला बारीक पडू शकते, आणि सोनचाफ्याला जी चालली ती मोगऱ्याला चालेलच असंही नाही, दोन्ही वेगवेगळे तपास. पैसे वाचवायचे तर आधी फक्त सोनचाफा पूर्ण कर, मग मोगरा. प्रत्येक डब्याच्या तळाला मार्करने तारीख, वात आणि वासाचे टक्के लिहून ठेव आणि एका वहीत किती तासांनी कडेपर्यंत वितळलं, काजळी आली का, डबा किती तापला ते लिहीत जा, मोबाइलमध्ये नको, वहीच बरी पडते.

मे महिन्यात डब्यातली मेणबत्ती घरात काही होत नाही, मऊ पडते एवढंच. पण कुरियरच्या टेम्पोत दुपारभर उन्हात राहिली तर वितळून एका बाजूला जमते आणि वात वाकडी होते. म्हणून एप्रिल-मेमध्ये मी बाहेरगावच्या ऑर्डरी घेतच नाही, मुंबईतल्या मुंबईत ट्रेनने जाऊन हातात देते. खोक्यावर वरची बाजू कोणती ते मोठ्या अक्षरात लिही. बुधवारी जाशील तेव्हा डब्याच्या तोंडाचं माप घ्यायला पट्टी घेऊन जा, दुकानदार सांगतो ते माप बहुतेक वेळा बाहेरचं असतं, तुला आतलं हवंय. माप कळलं की इथे टाक, कुठल्या वातीपासून सुरुवात करायची ते सांगते.